पंचवीस खाटांचं रुग्णालय, नवं सॉफ्टवेअर आणि पेशंटची गुप्तता

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावात तुमचं पंचवीस खाटांचं रुग्णालय आहे, तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तुमचे मिस्टर सर्जन. अकरा वर्षं सगळा कारभार केस पेपर आणि रजिस्टरांवर चालला, आता सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय. एक विक्रेता सांगतो, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या संगणकांवर ठेवा, शंभर टक्के सुरक्षित. दुसरा सांगतो, डेटा आपल्या इमारतीतच हवा, क्लाउडवर कोण काय बघतं कुणाला ठाऊक. त्यात कुणीतरी तुम्हाला नव्या डेटा संरक्षण कायद्यातला २५० कोटींचा दंड ऐकवलाय. तुम्ही विचारताय की दोन्हींतलं काय घेतलं तर पेशंटची माहिती बाहेर जाणार नाही, आणि जुन्या कागदांचं काय करायचं.

गेली बावीस वर्षं मी रुग्णालयांच्या नोंदी आणि संगणक हेच काम करतोय. सुरुवात एका धर्मादाय रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली, नंतर लहान रुग्णालयांना सॉफ्टवेअर बसवून द्यायला आणि त्यांची घडी लावून द्यायला लागलो. त्या अनुभवावरून सांगतो, क्लाउड की स्वतःचा सर्व्हर हा प्रश्न खरा आहे, पण त्याचा नंबर तिसरा. त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. तुमच्या रुग्णालयात कुणाला काय दिसायला हवं? आणि ज्यानं पाहिलं त्याचं नाव कुठे राहतं का? ही दोन उत्तरं नसतील तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, माहिती पहिल्या महिन्यातच बाहेर जाईल, आणि कशी गेली ते कळणारही नाही.

हे मी एका प्रसंगातून शिकलो. सुमारे चौदा वर्षांपूर्वी एका लहान रुग्णालयात मी सॉफ्टवेअर बसवलं होतं. मालक डॉक्टरांना वेग हवा होता, म्हणून सगळ्यांना मिळून एकच लॉगिन दिलं, ‘अ‍ॅडमिन’. काही महिन्यांनी एक अविवाहित मुलगी तपासणीला आली. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झाली, रिपोर्ट संगणकात चढला. ती एसटीनं संध्याकाळी गावी पोचली तेव्हा घरच्यांना बातमी आधीच कळलेली होती. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, रिपोर्ट कुणी कुणी उघडला ते दाखवा. मी पाहिलं तर प्रत्येक ओळीपुढे ‘अ‍ॅडमिन’. ते लॉगिन सात जण वापरत होते. कुणी हॅकर आला नव्हता, कुठली भिंत कुणी फोडली नव्हती. दार मीच सताड उघडं ठेवलं होतं. त्या मुलीचं पुढे काय झालं हे मला धडपणे कधीच कळलं नाही, आणि ते मनातून जातही नाही.

पुण्या-मुंबईतल्या पेशंटला धास्ती असते विमा कंपनीची, ऑफिसची. तालुक्यातल्या बाईला धास्ती असते ती रिसेप्शनवर बसलेल्या मुलीची, कारण ती तिच्या जावेच्या माहेरची असते. लॅबमधला मुलगा तिच्या भावाबरोबर शिकलेला असतो. परक्या माणसाला तिचं नाव कळलं तरी त्याला त्याचं काही नसतं. ओळखीच्या माणसाला कळलं की तिचं जगणं बदलतं. म्हणून तुमच्यासारख्या रुग्णालयात सुरक्षेची पहिली आखणी घरातल्या घरातच करावी लागते. तुमचा स्टाफ वाईट आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा कुणी मुद्दाम सांगत नाही. बोलता बोलता निघून जातं. जे दिसलंच नाही ते बोलण्यातही येत नाही.

तुमच्याच विषयातलं एक उदाहरण घ्या. गर्भपाताच्या २००३ च्या नियमावलीत अ‍ॅडमिशन रजिस्टरचा नियम तुम्हाला पाठ असेल. बाईचं नाव फक्त त्या एका रजिस्टरमध्ये. केस पेपर, ऑपरेशन थिएटरचं (ओटी) रजिस्टर, फॉलोअप कार्ड यांवर नाव लिहायचं नाही, फक्त रजिस्टरमधला अनुक्रमांक लिहायचा. संमतीपत्र बंद पाकिटात, आणि ते पाकीट कुलपात. संगणक घराघरांत नव्हते तेव्हा हा नियम लिहिला गेला, तरी आज मोठ्या शहरातले तज्ज्ञ जे करा म्हणून सांगतात तेच त्यात आहे : नाव एकीकडे, आजाराचा तपशील दुसरीकडे, आणि दोन्ही जोडणारी किल्ली एकाच माणसाकडे. मला हा नियम फार आवडतो, आणि सॉफ्टवेअर आलं की सगळ्यात आधी तोच मोडतो. कारण सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. मग तेच नाव ओटीच्या यादीत जातं, बिलात जातं, मेडिकलच्या विक्रीत जातं. कागदावर जे नीट चाललं होतं ते संगणकानं बिघडवलं, असं मी तीन-चार ठिकाणी पाहिलंय. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा बाईची ओळख उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा दोन्ही विक्रेत्यांना समोर बसवा आणि म्हणा, एमटीपीची, म्हणजे गर्भपाताची, एक केस माझ्यासमोर अ‍ॅडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत चालवून दाखवा, आणि नाव कुठे कुठे उमटतं ते मी मोजते. जाहिरातीतून कळणार नाही इतकं या एका चाचणीतून कळेल.

आता कुणाला काय दिसावं. एक दिवस संध्याकाळची ओपीडी संपल्यावर तुम्ही दोघं, मुख्य सिस्टर आणि बिलिंगचा माणूस असे बसा आणि कागदावर उभे-आडवे रकाने मारा. एकीकडे माणसं, दुसरीकडे माहिती. रिसेप्शनला नाव, वय, फोन, अपॉइंटमेंट आणि शिल्लक रक्कम लागते, निदान लागत नाही. लॅबच्या मुलाला स्वतःच्या तपासण्या लागतात, जुनं डिस्चार्ज कार्ड लागत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला भरती असलेल्या पेशंटचं सगळं लागतं, पण सहा महिन्यांपूर्वी घरी गेलेल्याचं नाही. वॉर्डबॉय मामा आणि आया मावशींना लॉगिन लागतच नाही. बिलिंगचा रकाना मात्र सगळ्यात अवघड. तिथे निदान लपवलं तरी बिलाच्या ओळीच सगळं सांगून जातात. कुठल्या तपासण्या, कुठली औषधं, कुठली प्रक्रिया. त्यामुळे काही नाजूक प्रक्रियांसाठी बिलिंगच्या पडद्यावर नुसतं ‘डे केअर प्रोसिजर’ एवढंच दिसेल अशी सोय मागा आणि तपशील डॉक्टरांच्या लॉगिनखाली ठेवा. एचआयव्हीचा रिपोर्ट तर नुसत्या लॅबच्या यादीतही सगळ्यांना दिसता कामा नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ती माहिती सांभाळणाऱ्या संस्थेवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी स्पष्टपणे टाकली आहे.

प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लॉगिन हवं. सांगून-बजावून ते टिकत नाही, सोयीनं टिकतं. पासवर्ड बारा अक्षरांचा आणि दर महिन्याला बदला अशी सक्ती केली तर तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सापडतो. सिस्टरच्या हातात ग्लोव्हज असतात, तीन पेशंट एकदम हाका मारत असतात. म्हणून वॉर्डात बोटाच्या ठशानं किंवा कार्डानं लॉगिन होईल असं साधं यंत्र लावलं तर लोक स्वतःचं लॉगिन वापरतात. पाच मिनिटं हात लागला नाही की पडदा आपोआप बंद व्हावा. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद व्हावं, पगाराचा हिशेब करताना त्याच कागदावर त्याची टिकमार्क ठेवा. मी एकदा एका ठिकाणची यादी काढली तर काम करणारे एकोणीस आणि चालू लॉगिन चव्वेचाळीस.

माझी दुसरी चूकही सांगतो, उलट्या बाजूची. पहिल्या प्रसंगानंतर मी इतका घाबरलो होतो की पुढच्या रुग्णालयात सगळंच कुलूपबंद केलं. एका रात्री बेशुद्ध पेशंट आला, ड्यूटीवरचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, नवा होता, त्याला जुनी नोंद उघडेना. अ‍ॅलर्जी कुठली ते दिसेना. मालक डॉक्टरांना फोन लागला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या सगळ्यांनी मालकांचाच पासवर्ड वापरायला सुरुवात केली, आणि माझी सगळी कुलपं वाया गेली. तेव्हापासून मी ‘तातडी’ नावाचं एक बटण मागून घेतोच. ते दाबलं की कुठल्याही डॉक्टरला किंवा सिस्टरला कुठलीही फाइल उघडते, फक्त एका ओळीत कारण लिहावं लागतं आणि त्याच क्षणी मालकांच्या फोनवर संदेश जातो. दर आठवड्याला ती यादी तुम्ही स्वतः पाहा. पाच मिनिटं लागतात. आपण पाहतो हे लोकांना माहीत असणं हीच त्यातली अर्धी सुरक्षा.

इथवरचं थोडक्यात : आधी रकाने, मग प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, मग तातडीचं बटण आणि पाहणीची सवय. हे तिन्ही देऊ शकत नाही त्या विक्रेत्याशी क्लाउडबद्दल बोलायलाच बसू नका.

आता अशी एक गोष्ट, जी सॉफ्टवेअर विकणारे गुण म्हणून सांगतात आणि मला तिची काळजी वाटते. आपोआप जाणारे मेसेज. ‘आपली पुढील तपासणी अमुक तारखेला आहे’, ‘आपला रिपोर्ट तयार आहे, इथे पाहा’. तुमच्या केस पेपरवर बायकांचे जे फोन नंबर आहेत, त्यांतले किती खरोखर त्यांच्या हातातल्या फोनचे आहेत? आपल्याकडे नंबर नवऱ्याचा असतो, दिराचा असतो, कधी शेजारच्या दुकानाचा असतो. तिनं विश्वासानं तुम्हाला सांगितलेली गोष्ट तुमचं सॉफ्टवेअर रात्री आठ वाजता दिराला सांगतं. म्हणून नोंदणीच्या वेळी दोन वेगळे प्रश्न विचारायला लावा : फोन कुणाचा, आणि त्यावर मेसेज पाठवलेला चालेल का. हा प्रश्न रिसेप्शनवर नवऱ्यासमोर न विचारता वजन-बीपी घेताना सिस्टरनं आत विचारावा. उत्तर ‘नको’ असेल तर मेसेज बंद. उत्तर स्पष्ट नसेल तरी बंद. चालेल म्हणाली तरी मेसेजमध्ये विभागाचं नाव, तपासणीचं नाव काही नको. ‘रुग्णालयात या’ एवढं पुरतं. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, काढून देतानाही हेच लक्षात ठेवा. तो चौदा आकडी क्रमांक ज्या मोबाइलशी जोडला जातो, त्या मोबाइलवरून नोंदी पाहण्याची परवानगी दिली जाऊ शकते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना नोंद रुग्णालयातच राहते आणि पेशंटच्या संमतीनं दुसरीकडे दिसते अशी आहे, ती चांगली आहे. पण संमती देणारा अंगठा तिचाच आहे ना, हे पाहणं आपल्या टेबलावरच होतं.

रिसेप्शनचा मॉनिटर रांगेकडे तोंड करून ठेवला असेल तर आजच फिरवा. लॅबच्या खिडकीत रिपोर्टांचा ट्रे उघडा असेल तर तो आत घ्या. यांना पैसे लागत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. तुम्ही शहरातल्या फिजिशियनला ईसीजीचा फोटो पाठवता, तो दोन मिनिटांत उत्तर देतो, पेशंट वाचतो. हे बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. मार्च २०२० मधल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा माध्यमातून सल्ला द्यायला मुभा दिली आहे. अडचण फोटोची नाही, त्याच्या मागे राहून जाण्याची आहे. फोटो गॅलरीत साठतो, गॅलरीची प्रत आपोआप गूगलवर जाते, घरी तोच फोन मुलाच्या हातात कार्टून बघायला जातो. तेव्हा रुग्णालयाचा एक वेगळा फोन ठेवा, तो रात्री रुग्णालयातच राहील. फोटो काढताना नावावर पट्टी ठेवा, फक्त भरतीचा (आयपीडी) नंबर दिसू द्या. आपोआप डाउनलोड बंद आणि संदेश ठरावीक दिवसांनी नाहीसे होण्याची सोय चालू. उपयोगी मत आलं तर ते केस पेपरवर लिहून घ्या, कारण नोंद तिथेच असायला हवी. आणि ‘स्टाफ ग्रुप’वर पेशंटचं नाव टाकायचं नाही हा नियम तुम्ही दोघांनी स्वतः पाळल्याशिवाय कुणी पाळणार नाही.

विम्याच्या टेबलाचंही तेच. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम पाहणाऱ्या संस्थेला, किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेला कागद आणि फोटो चढवावेच लागतात. ते रीतसर आहे. पण चढवून झाल्यावर ते स्कॅन त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं पडून असतात, रेशन कार्डासकट, आधारसकट, ऑपरेशनच्या जखमेच्या फोटोसकट. क्लेम मंजूर होऊन फाइलला लागला की ते फोल्डर रिकामं करायचं काम कुणाच्या तरी नावावर टाका.

कॅमेऱ्यांकडे वळतो, कारण तुमच्या रुग्णालयात बायका येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर विकायला आल्याचं उघडकीस आलं. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. कॅमेऱ्यांना बसवतानाचाच सोपा पासवर्ड तसाच राहिला होता, असं पुढे तपासाच्या बातम्यांत आलं. मी ते वाचल्यावर माझ्याकडच्या सगळ्या रुग्णालयांना एकेक करून फोन केले. तपासणीची खोली, इंजेक्शनची खोली, लेबर रूम, स्तनपानाचा कोपरा, इथे कॅमेरा नकोच. चोरी होईल म्हणून कुणी आग्रह धरला तरी नको. बाकीच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड आज बदला, आणि कॅमेऱ्यांचं व पाहुण्यांच्या वायफायचं जाळं रुग्णालयाच्या संगणकांपासून वेगळं करा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि जवळपास दोन आठवडे एवढं मोठं रुग्णालय हातानं कागद लिहीत चाललं. जाळ्याचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारनंच संसदेत सांगितलं. तुमच्याकडे हे काम नेटवर्कवाल्याचं एका दुपारचं आहे.

असा हल्ला लहान रुग्णालयावर होत नाही असं समजू नका. माझ्या ओळखीच्या एका तीस खाटांच्या रुग्णालयात रविवारी सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली दिसली आणि पडद्यावर पैशांची मागणी. शोध घेतला तेव्हा कळलं की सॉफ्टवेअरवाल्यानं दुरुस्तीसाठी दुरून संगणक चालवायचं साधन कायमचं चालू ठेवलं होतं, आणि त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पासवर्ड एकच. बॅकअप होता. तो ज्या हार्ड डिस्कवर होता ती चोवीस तास त्याच संगणकाला जोडलेली असायची, त्यामुळे तीही कुलूपबंद झाली. डॉक्टरांच्या घरी कपाटात दीड महिन्यापूर्वीची एक प्रत निघाली म्हणून रुग्णालय उभं राहिलं. मधला दीड महिना केस पेपरवरून परत भरायला अकरा दिवस लागले.

म्हणून बॅकअपच्या बाबतीत मी हट्टी आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीच्या बाहेर. बाहेर जाणारी डिस्क पासवर्डनं बंद केलेली, नाहीतर स्कूटरच्या डिकीतून तुमच्या दहा हजार पेशंटचं आयुष्य हरवू शकतं. प्रत झाली की डिस्क काढून ठेवायची. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून दहा पेशंटच्या फाइली उघडून पाहायच्या. बॅकअप ‘होतोय’ असं हिरवा दिवा सांगतो, पण परत उतरतोय की नाही हे उतरवल्याशिवाय कळत नाही. शिवाय भरती पेशंटची नावं, औषधं, अ‍ॅलर्जी यांचा एक छापील कागद सकाळ-संध्याकाळ वॉर्डातल्या कुलपाच्या खणात ठेवा आणि नवा आला की जुना फाडा. लाइट गेले, नेट गेलं, हल्ला झाला, तिन्ही वेळी तोच कामाला येतो. दुरून दुरुस्तीचं साधन मात्र विक्रेत्यानं फोन केल्यावर तुम्ही चालू करायचं, काम झालं की तुम्हीच बंद करायचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे खरंच परिस्थितीवर आहे. तुमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट लाइन येते का? इन्व्हर्टर किती वेळ टिकतो? सर्व्हरकडे बघणारा माणूस गावात आहे की जिल्ह्याहून यावा लागतो? लाइन चांगल्या असतील आणि बघणारा माणूस नसेल, तर मी क्लाउड घ्या म्हणेन. कारण अपडेट न केलेला, जिन्याखाली धूळ खात पडलेला सर्व्हर हा मी पाहिलेला सगळ्यात मोठा धोका आहे. पावसाळ्यात तीन-तीन तास नेट जात असेल, तर सर्व्हर इमारतीत ठेवा आणि रात्री त्याची कुलूपबंद प्रत बाहेर पाठवा. ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचं एवढं वाक्यच मला खटकलं. जाणकार माणूस असं म्हणत नाही.

त्याऐवजी त्याच्याशी करार पाहा. तुमच्या पेशंटच्या माहितीची जबाबदारी कायद्यानं तुमची राहते, विक्रेता फक्त तुमच्या वतीनं काम करणारा, आणि वैध कराराशिवाय त्याला ते काम देता येत नाही. करारात मला चार गोष्टी हव्या असतात. त्याच्या माणसांनी तुमची माहिती उघडली तर त्याची नोंद तुम्हाला दिसेल. घोटाळा झाला तर तो तुम्हाला काही तासांत कळवेल. माहिती तो दुसऱ्या कुणाला, औषध कंपनीला तर अजिबातच, नाव काढूनही देणार नाही. आणि तुम्ही सोडून जाताना सगळी माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा रूपात परत देऊन स्वतःकडची पुसेल. या चौथ्या कलमावर अनेक जण अडतात. अडला की समजा, तुमचा डेटा त्याला ओलीस ठेवायचाय.

कायद्याची भीती घालून घेऊ नका, पण दुर्लक्षही नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. २५० कोटी ही वाजवी सुरक्षा न ठेवल्याची कमाल मर्यादा आहे. चुकीचं स्वरूप, किती काळ चालली, नुकसान कमी करायला काय केलं, हे पाहून रक्कम ठरते. घोटाळा झाला तर ज्यांची माहिती गेली त्या पेशंटना आणि डेटा संरक्षण मंडळाला विलंब न करता कळवायचं आणि मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा. त्याशिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं ही २०२२ पासूनची सूचना आहेच. कोणी काय उघडलं याच्या नोंदी नव्या नियमांप्रमाणे निदान एक वर्ष ठेवायच्या आहेत, विक्रेता ‘तीन महिने पुरतात’ म्हणाला तर ऐकू नका. एक पान तयार करून भिंतीला लावा : असं काही दिसलं तर पहिला फोन कुणाला, कुठली केबल काढायची, कुणाला कळवायचं. रविवारी सकाळी कायदा शोधत बसायला वेळ नसतो.

गुप्तता म्हणजे पेशंटपासूनही लपवणं असा अर्थ मात्र स्टाफनं घेऊ नये. पेशंटनं स्वतःच्या नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे, देता येत नाही’ हे उत्तर मी फार ठिकाणी ऐकलंय आणि ते चूक आहे. मागणारी व्यक्ती तीच आहे का एवढं पाहायचं. नवरा मागत असेल तर तिची लेखी संमती.

शेवटी माळ्यावरचे अकरा वर्षांचे कागद. सगळे स्कॅन करायच्या मागे लागू नका. चालू पेशंट, मोठी ऑपरेशनं, गुंतागुंतीची बाळंतपणं एवढी करा. आंतररुग्णांचे कागद किमान तीन वर्षं, एमटीपीचं अ‍ॅडमिशन रजिस्टर ते ज्या कॅलेंडर वर्षाचं आहे ते संपल्यापासून पाच वर्षं, गर्भवतींच्या सोनोग्राफीच्या नोंदीचे फॉर्म एफ दोन वर्षं, आणि कोर्टात किंवा चौकशीत असलेलं काहीही निकाल लागेपर्यंत हलवायचं नाही. स्कॅनिंग बाहेरच्या माणसाला दिलंत तर ते तुमच्याच इमारतीत, तुमच्याच संगणकावर करून घ्या. पेनड्राइव्हवर घरी नेऊन देतो म्हणाला तर नको म्हणा. मुदत संपलेले कागद रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. आमच्याकडच्या बाजारात मी शेंगदाण्याची पुडी सोडली तेव्हा आत एका बाईचा थायरॉइडचा रिपोर्ट होता, नाव-गावासकट. तिचं गाव मला माहीत होतं. यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, कागद बारीक फाडा, रात्रभर पिंपात भिजवा आणि लगदा झाल्यावरच बाहेर जाऊ द्या.